माफी सिस्टरची, हिशोब लसीचा

(पत्र आणि उत्तर जुलै २०२१मधलं, करोनाची लस अपुरी पडत होती तेव्हाचं.)

आक्का, नमस्कार.

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. वय ३१. वडील ६७ वर्षांचे, त्यांना शुगर आहे. २६ मार्चला त्यांना कोविशील्ड या करोनाच्या लशीचा पहिला डोस मिळाला. महिना-दीड महिन्यानं या म्हणाले. एप्रिल संपताना गेलो तर लसच नाही. मे महिन्यात गेलो तर म्हणाले, आता ८४ दिवसांचा नियम आला. ८४ दिवस १८ जूनला भरले. त्यानंतर वडिलांना गाडीवर बसवून कितीदा गेलो ते आता मोजत नाही. पहाटे पाचला रांग लावायची. कधी टोकन संपलेलं, कधी वरून लसच आलेली नाही. सरपंचांच्या जवळची माणसं मात्र दहाला येतात आणि टोचून घेऊन जातात. मे महिन्यात माझा स्वतःचा नंबर मोबाईलवर लागत नव्हता, आणि त्याच वेळी आमच्या केंद्रावर पुण्याच्या नंबरप्लेटच्या गाड्या उभ्या असायच्या.

मागच्या आठवड्यात आम्ही पाच-सहा जण शेवटी उरलो होतो. सिस्टर म्हणाल्या, लस संपली. निळ्या डब्यात एक बाटली मला माझ्या डोळ्यांनी दिसली. मी मोबाईल काढला, त्यांना नको ते बोललो आणि 'लस लपवून ठेवतात' म्हणून व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. तो तीन-चार गावांत फिरला. सिस्टरांना लोकांनी फोन करून शिव्या घातल्या. माझी बायको याच गावची आशा स्वयंसेविका आहे, त्यामुळं रोज तिला त्यांच्यासोबतच काम करायचं असतं. ती आता माझ्याशी कामापुरतं बोलते. आई म्हणते, जाऊन पाय धर. मित्र म्हणतात, माफी मागितलीस तर उद्या गावाला कुणी विचारणार नाही. मी चुकलो का? माफी मागितली तर आमच्या हक्काचं काय? का सरळ खासगीत ७८० रुपये भरून मोकळं व्हावं? वडील म्हणतात, फुकट असताना पैसे का मोजायचे.

— एक वाचक

*

बाळा,

तुझ्या पत्रात दोन भांडणं आहेत. लस कमी येते, हे एक. आलेली लस रांगेतल्या माणसाला सोडून भलत्यालाच मिळते, हे दुसरं. तू दोन्ही एकाच व्हिडिओत कोंबलीस आणि तो अशा बाईवर सोडलास जिचा पहिल्याशी काडीचाही संबंध नाही आणि दुसऱ्याशी असलाच तर फार थोडा. सिस्टरशी वागण्यात तू चुकलास. रागावण्यात चुकला नाहीस, आणि त्या रागाला कारण काय हे मी आधी लिहिते, कारण तुझ्या आईला आणि तुझ्या मित्रांनाही ते कळलेलं दिसत नाही.

तुझ्या वडिलांच्या तारखा बघ. त्यांनी डोस घेतला त्याच्या चारच दिवस आधी, २२ मार्चला, केंद्रानं राज्यांना कळवलं होतं की कोविशील्डच्या दोन डोसांत सहा ते आठ आठवडे ठेवा. त्याआधी चार ते सहा होते. १३ मेला तेच बारा ते सोळा आठवडे झाले. म्हणजे शेतकरी माणसाला दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या तारखा मिळाल्या, आणि प्रत्येक तारीख त्याला केंद्राच्या दारात जाऊन कळली. अंतर वाढवण्यामागं शास्त्र नव्हतं असं नाही. बारा आठवड्यांनी दुसरा डोस घेतलेल्यांत लशीचा परिणाम जवळजवळ ८१ टक्के आणि सहा आठवड्यांच्या आत घेतलेल्यांत ५५ टक्के, असं फेब्रुवारीत परदेशातल्या चाचण्यांतून छापून आलं होतं. पण ज्या आठवड्यात आपण अंतर वाढवलं त्याच आठवड्यात इंग्लंडनं पन्नाशीच्या पुढच्या लोकांसाठी ते बाराचं आठवर आणलं, कारण तिथं करोनाचा डेल्टा हा नवा प्रकार पसरायला लागला होता आणि एका डोसावर त्याच्यापुढं निभाव लागेना. मग इथल्या लोकांना वाटलं, लस नाही म्हणून नियम बदलला. कुणी समोर येऊन नीट समजावून सांगितलं असतं तर असं वाटलं नसतं. नाही सांगितलं. सांगायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं? तुझ्या सिस्टरच्या. तिला स्वतःला ते व्हॉट्सॲपवरून कळलं असणार, याची मला खात्री आहे. मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची सिस्टर, म्हणून नोकरीला लागले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. परिपत्रक आमच्यापर्यंत कधी आणि कसं पोचतं ते मला ठाऊक आहे.

आता लस किती येते ते बघू. तू दुकानदार आहेस, तुला आकड्यांत सांगितलेलं पटेल. देशात १८ वर्षांवरची माणसं सुमारे ९४ कोटी. दोन डोस धरले तर १८८ कोटी. जूनमध्ये सगळे मिळून साधारण १२ कोटी डोस येतील असं केंद्रानं सांगितलं होतं, आणि जुलैचाही आकडा तोच आहे. त्यातले पाव खासगी दवाखान्यांना. उरले नऊ कोटी. म्हणजे शंभर मोठ्या माणसांमागं महिन्याला साडेनऊ डोस. एका उपकेंद्राखाली पाच हजार वस्ती धरली तर त्यात मोठी माणसं चौतीसशेच्या आसपास. हिशोब कर: महिन्याला सव्वातीनशे डोस, आठवड्याला पंच्याहत्तर-ऐंशी. हा ढोबळ हिशोब आहे, शहरांकडं जास्त वळतात आणि खेड्याला कमी येतात ते मी यात धरलेलंच नाही. या चालीनं त्या चौतीसशेंना दोन्ही डोस द्यायला पावणेदोन वर्षं लागतील. सरपंच हरिश्चंद्राचा अवतार असला आणि सिस्टर रात्रंदिवस उपकेंद्रात बसून राहिली तरी.

टोचणारे हात कमी आहेत असंही नाही. जूनच्या अखेरीस आपल्या राज्यानं एका दिवसात सात लाखांहून जास्त डोस दिले. दुसऱ्या दिवशी तेवढे द्यायला डोसच नव्हते.

आणि डोस का नव्हते? जानेवारीत केंद्रानं कोविशील्ड बनवणाऱ्या सिरम कंपनीला पहिली ऑर्डर दिली ती १ कोटी १० लाख डोसांची. एवढ्या मोठ्या देशासाठी. मे, जून आणि जुलै या तीन महिन्यांचे ११ कोटी कोविशील्डचे पैसे पोचते झाले २८ एप्रिलला, तेव्हा सातारच्या दवाखान्यांत ऑक्सिजनचे बेड मिळत नव्हते. दरम्यान एप्रिलपर्यंत सहा कोटींहून जास्त डोस परदेशी गेले होते. त्यातले काही कराराचे होते आणि काही गरीब देशांना दिलेले. गरिबाला दिल्याचं मला दुःख नाही. बाहेर द्यायचं ठरवताना घरच्यासाठी आगाऊ नोंदणी करून ठेवली नाही, हे दुःख आहे. मग १ मेपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना दार उघडलं आणि राज्यांना सांगितलं, तुमचं तुम्ही विकत घ्या. महाराष्ट्र १२ कोटी डोसांचा एकरकमी चेक द्यायला तयार होता. चेक घेऊन लस देईल असं कुणी नव्हतं. दहा-बारा दिवसांत आपल्याकडं तरुणांचं लसीकरण थांबवून ते डोस ४५च्या पुढच्यांना वळवावे लागले. तुला मे महिन्यात मोबाईलवर नंबर लागत नव्हता त्याची गोष्ट ही अशी. पुण्याच्या गाड्यांचा तुला राग आला तो बरोबरच आहे, पण त्या पोरांना कोविननं, म्हणजे नोंदणीच्या सरकारी वेबसाइटनं, जिथं जागा दाखवली तिथं ती आली. ज्याचं नेट वेगवान त्याला लस, अशी पद्धत ज्यांनी काढली त्यांना सुप्रीम कोर्टानंही विचारलं की ज्यांच्याकडं मोबाईल नाही त्यांनी काय करायचं. १८ ते ४४ वयाच्यांनी लस विकत घ्यावी हे धोरण सकृतदर्शनी मनमानी आणि अविवेकी आहे, असं ३१ मेच्या आदेशात कोर्टानं लिहिलं. त्यानंतर आठवडाभरातच, ७ जूनला, पंतप्रधानांनी धोरण बदललं आणि २१ जूनपासून खरेदी पुन्हा केंद्राकडं आली.

मे महिन्यात आपल्याला सांगितलं होतं की ऑगस्ट ते डिसेंबर २१६ कोटी डोस येतील. जूनच्या अखेरीस कोर्टात जे प्रतिज्ञापत्र दिलं त्यात हाच आकडा १३५ कोटी झाला. ८१ कोटी डोस कुठं गेले ते तुझ्या सिस्टरला विचारून उपयोग नाही.

धोमच्या कालव्याला आवर्तन सुटतं तेव्हा टेलच्या, शेवटच्या टोकाच्या, माणसाचं काय होतं ते तुला माहीत आहे. पाणी पोचत नाही आणि तो भांडतो पाटकऱ्याशी, पाटाचं पाणी सोडणाऱ्याशी. धरणात किती पाणी आहे, वरच्या अंगाला कुणी किती मोटारी टाकल्या, पाळी कुणी ठरवली, यातलं काही त्याला दिसत नाही. बांधावर येतो तो पाटकरी, म्हणून गचांडी त्याची धरायची. तू तेच केलंस. लस बनते पुण्याजवळ मांजरीला, तुझ्या गावापासून सव्वाशे किलोमीटरवर, आणि आपल्याला वाटतं सिरमच्या दारात बसून आपण उपाशी. पण ती दिल्लीच्या वाटपपत्रानं राज्याला येते, पुण्याहून सातारला, जिल्ह्याच्या भांडारातून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजात आणि तिथून सकाळी डब्यात घालून उपकेंद्रावर. या सगळ्या वाटेत सिस्टरच्या हातात एकच गोष्ट असते: डबा.

त्या डब्यातल्या बाटलीचं सांगते, कारण सगळं भांडण तिच्यावरून झालं. कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे बाटलीत, दहा डोस असतात. जपून ओढलं तर कधी अकरावाही निघतो. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. फेकलेल्या डोसांचा हिशोब वर जातो, आणि राज्याला पुढं किती द्यायचे हे ठरवताना वाया गेलेले डोस वजा खात्यात धरले जातात. तुम्ही उरला होता पाच-सहा जण. तुमच्यासाठी व्हायल फोडली असती तर चार-पाच डोस कचऱ्यात गेले असते, म्हणून तिनं फोडली नसेल. न फोडलेली व्हायल बर्फाच्या पॅकसकट संध्याकाळी आरोग्य केंद्राला परत करावी लागते, तशी नोंद होते. डब्यात भरलेली व्हायल दिसणं म्हणजे चोरी पकडली असं नाही. तिनं 'लस संपली' म्हणायला नको होतं. 'व्हायल आहे, पण दहा माणसं झाल्याशिवाय फोडता येत नाही' म्हणायला हवं होतं. दिवसभर उभं राहून शंभर जणांना टोचलेल्या बाईच्या तोंडून तेवढं लांब वाक्य निघत नाही, मला माहीत आहे, पण म्हणायला हवं होतं. आणि तिनं ते म्हटलं असतं तर तुझ्यासारख्या किराणावाल्याला, ज्याच्या मोबाईलमध्ये अख्खं गाव आहे, चार माणसं बोलावून आणायला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नसती. पुढच्या वेळी हे तूच विचार: किती माणसं कमी पडतात?

(आम्ही पल्स पोलिओचा डबा गळ्यात अडकवून वस्त्यांवर फिरायचो तेव्हा लोक पोरं घरात लपवायचे. डोस मुबलक आणि माणूस सापडत नव्हता. आता पहाटे पाचला रांग आणि डोस नाही. माझ्या जुन्या मैत्रिणींना फोन केला की हाच विषय निघतो आणि कुणाला हसावं का रडावं कळत नाही.)

आता दुसरं भांडण, सरपंचांच्या माणसांचं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. 'आपली दहा माणसं येतील, बघून घ्या' असा फोन कुठल्या उपकेंद्राला येत नाही ते मला दाखव. आठवड्याला पंच्याहत्तर डोस येत असतील तर त्यातले दहा हे थोडे नाहीत, तुझ्या वडिलांसारखी दहा म्हातारी माणसं त्या दिवशी उन्हातून परत गेली. पण तो फोन घेणाऱ्या सिस्टरची नोकरी, बदली, राहायची खोली, उपकेंद्राच्या पाण्याची टाकी, सगळं ज्यांच्या हातात असतं त्यांचाच तो फोन असतो. तिनं नाही म्हणावं असं वाटत असेल तर तिच्या पाठीशी कागद पाहिजे. तो कागद तू आणि गावानं मिळून तयार करायचा. लशीची टंचाई तुझ्या हातात नाही. रांगेचा क्रम आहे.

त्यासाठी भांडायला लागणारं सामान तुझ्याकडं आहे, फक्त तुला ठाऊक नाही. २१ जूनपासून लागू झालेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत प्राधान्यक्रम लिहिलेला आहे: आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी, ४५ वर्षांवरचे, मग ज्यांचा दुसरा डोस देय झाला आहे ते, आणि त्यानंतर १८ वर्षांवरचे. तुझे वडील दोन खान्यांत बसतात. त्याच सूचनांत असंही आहे की जिल्हानिहाय आणि केंद्रनिहाय किती डोस मिळणार हे आगाऊ ठरवून लोकांसाठी जाहीर करावं. मे महिन्यात तर केंद्रानं राज्यांना सांगितलं होतं की मोफत मिळणाऱ्या डोसांतले किमान ७० टक्के दुसऱ्या डोससाठी राखा.

तेव्हा एक साधा अर्ज लिही. आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला. त्यात रडगाणं नको आणि सिस्टरचं नावही नको. एवढंच माग: पहिला डोस कुणी कधी घेतला त्या तारखेप्रमाणं दुसऱ्या डोसच्या देय लोकांची यादी लावून टोकन आदल्या संध्याकाळी द्यावं, सकाळी किती व्हायल आल्या आणि संध्याकाळी किती परत गेल्या हे उपकेंद्राच्या फळ्यावर लिहावं. नोंद कोविनवर आहेच, आणि गावापुरती ती तुझ्या बायकोच्या वहीतही असणार. यादीवर नाव न छापता नुसता नंबर लावला तरी चालेल, लोक आपापला नंबर ओळखतील. अर्जावर वीस-पंचवीस सह्या घे, आणि त्यात ज्यांचा फोन जातो त्यांच्या भावकीतलाही एखादा घे. गावात ग्राम आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समिती कागदावर तरी असतेच, तिच्यापुढं विषय ठेव. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नको. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर जिल्हा परिषदेत, जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांकडं जा. जिल्ह्याचं लसीकरण त्यांच्याकडं असतं, हे फार लोकांना माहीत नाही. माहितीच्या अधिकारात साठा नोंदवहीची नक्कल मागता येते, पण महिनाभर जातो, तेव्हा तो रस्ता शेवटी ठेव.

टंचाईबद्दल कुणाला बोलायचं? खासदारांना. १९ जुलैपासून संसदेचं पावसाळी अधिवेशन आहे. मी वर केला तो आठवड्याला पंच्याहत्तर-ऐंशीचा हिशोब एका पानावर लिही, तुमच्या उपकेंद्राला खरोखर किती आले ते आकडे शेजारी घाल आणि पाठव. आजूबाजूच्या गावांनाही पाठवायला सांग. व्हिडिओ जर तीन-चार गावांत जातो तर हेही जाईल.

हे सगळं माफीनंतर. अर्ज आणि माफी एका दिवशी, एका मेसेजमध्ये घालू नको. एकत्र घातलंस तर लोकांना सौदा वाटेल आणि सिस्टरला तर नक्कीच वाटेल.

माफी आधी कुणाची मागायची ते सांगते: बायकोची. तू तिच्याबद्दल पत्रात दोन ओळी लिहिल्यास. २०२०च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणून दारोदार थर्मामीटर घेऊन फिरली ती हीच, घरोघरी ऑक्सिजन मोजत. कायम पगार नाही, मानधन तुटपुंजं, तेही वाढवून मिळावं म्हणून गेल्या महिन्यात राज्यातल्या आशांना संपावर बसावं लागलं. संप मिटून त्या परत कामावर आल्या आणि लगेच तुझा व्हिडिओ आला. गावातला माणूस लस मिळाली नाही की पहिला फोन आशाला लावतो. तिच्या फोनवर आलेलं सगळं ती तुला सांगत असेल असं मला वाटत नाही. तिला विचार की तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं, आणि ती सांगेल तेव्हा मधे बोलू नको. तिला निरोप्या मात्र करू नको. 'तूच सिस्टरला सांग, माझं चुकलं म्हणून' हे चालणार नाही. तोंड तुझं होतं, तूच जायचं. कधी जायचं हे तिला विचारून ठरव. लसीकरणाच्या दिवशी तर नकोच.

गेल्यावर पाय धरायची गरज नाही, आईला सांग. 'सिस्टर, मी माहिती न घेता तुमच्यावर आळ घेतला, आणि शिव्या दिल्या, दोन्ही चुकलं' एवढं बस. ती कदाचित काहीच बोलणार नाही. कदाचित चार शब्द सुनावेल. ऐकून घे आणि परत ये. मग ज्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होतास त्याच ग्रुपवर लिही की व्हायलबद्दल मी म्हणालो ते चुकीचं होतं, व्हायल दहा माणसांशिवाय फोडत नाहीत, व्हिडिओ कुणाकडं असेल तर काढून टाका आणि पुढं पाठवू नका. नुसता व्हिडिओ डिलीट करून गप्प बसलास तर दुसऱ्या गावांत तो अजून खराच राहील. आणखी एक गोष्ट तुझ्या कानावर असू दे. २०२० साली साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यात आरोग्य कर्मचाऱ्याला काम करणं मुश्कील होईल असा त्रास देणंही गुन्ह्यात धरलं आहे, आणि तो अजामीनपात्र आहे. तिनं तक्रार केली नाही, ही तिची भलाई.

मित्र म्हणतात माफीनं गावाची किंमत कमी होईल. उलट आहे. ज्यानं चूक कबूल केली त्याचा अर्ज वैद्यकीय अधिकारी नीट वाचतात. ज्यानं व्हिडिओ काढला त्याचा अर्ज आला की आधी स्टाफ एक होतो आणि फाइल मिटते. मी त्या टेबलाच्या पलीकडं बसलेली बाई आहे, मला आतलं ठाऊक आहे.

आता वडिलांचं. सोळा आठवडे १६ जुलैला भरतात. त्या तारखेला पहिला डोस फुकट जातो असं काही नाही. उशीर झाला तरी पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागत नाही, मिळेल त्या दिवशी दुसरा घ्यायचा. पण उगाच लांबवूही नका. इंग्लंडच्या सरकारी आकड्यांत डेल्टापुढं या लशीचा एक डोस साधारण ३३ टक्के आणि दोन डोस ६० टक्के संरक्षण देताना दिसले. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात आकडे अजून उतरत नाहीत आणि वडिलांना शुगर आहे. तोवर त्यांना पहाटेच्या रांगेत उभं करू नको. शंभर माणसं मास्क हनुवटीवर ओढून एकमेकांच्या अंगावर रेलतात, तिथंच लागण व्हायची. टोकनसाठी तू उभा राहा आणि नंबर जवळ आला की त्यांना आण. पारावरची बैठक आणि दुकानातलं त्यांचं स्टूल, दोन्ही महिनाभर बंद.

खासगीत जायचं का, हा तुझा शेवटचा प्रश्न. ७८० ही कोविशील्डची सरकारनं यंदा, २०२१मध्ये, ठरवलेली कमाल किंमत आहे, त्याहून जास्त कुणी मागितलं तर पावती मागायची. मजुराच्या घरी मी हा सल्ला दिला नसता, तिथं ती दोन-तीन दिवसांची मजुरी आहे. चारला शटर ओढावं लागत असलं तरी तुझं दुकान चालू आहे, तुला जमेल. येत्या दोन सत्रांत गावात नंबर लागला नाही तर कोरेगाव, सातारा, कराड, जिथं मिळेल तिथं त्यांना घेऊन जा. त्यानं तुझा अर्ज लटका पडत नाही, आणि तुझ्या वडिलांच्या जागेवर रांगेतला एक जण पुढं सरकतो. वडिलांना सांग, हे पैसे लशीचे नाहीत, इतक्या दिवसांत जाळलेल्या पेट्रोलपेक्षा कमीच आहेत.

आणि कुठंही गेलास तरी पहिल्या डोसच्या वेळी कुणाचा मोबाईल नंबर आणि कोणतं ओळखपत्र दिलं होतं ते आधी शोधून ठेव. तोच नंबर आणि तेच ओळखपत्र सांगायचं. दुसऱ्या नंबरवर नवीन नोंदणी झाली की दुसरा डोस कोविनवर पहिला म्हणून चढतो, दोन अर्धी प्रमाणपत्रं निघतात, आणि ती जुळवून घ्यायला पुन्हा सिस्टरच्याच टेबलापुढं उभं राहावं लागेल.

— आक्का